लांछन, ध्वज आणि गाव : औशाच्या दोन बाजूंच्या दोन गावांनी दख्खनच्या राजांना दिलेली ओळख

#थ्रेड #इतिहास #मराठवाडा

१/
जर्मनीतील पाचशे वस्तीच्या एखाद्या खेड्यात गेले, तरी ग्रामसभागृहाच्या दारावर एक रंगीत ढाल हमखास दिसते. तिच्यावर कुठे पाणचक्कीचे चाक असते, कुठे गव्हाची लोंबी, कुठे ओढ्याची नागमोडी रेघ. ही त्या गावाची अधिकृत खूण. तिचे वर्णन शासनाच्या दफ्तरी शब्दाशब्दाने नोंदलेले असते आणि गावाचा ध्वजही त्याच ढालीच्या रंगांतून तयार होतो.

२/
आता औशाकडे पाहू. लातूरच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर वसलेले, बहमनी काळापासून नावाजलेल्या भुईकोटाचे हे गाव. याच तालुक्यात खरोशाची प्राचीन लेणी आहेत. असा मुलूख खुणांवाचून राहिला असेल काय? लांछन, ध्वज आणि गावाचे नाव यांची सांगड घालण्याची रीत या भूमीला ठाऊक होती काय? होती. आणि ती युरोपातील ढालींच्या आधीची होती.

३/
पुरावा औशाच्या दोन बाजूंना आहे. उत्तरेला लातूर, म्हणजे प्राचीन लट्टलूर. पश्चिमेला सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर तेरणेच्या काठचे तेर, म्हणजे प्राचीन तगर. या दोन गावांची नावे बेळगाव, कोल्हापूर आणि ठाण्याकडील राजे काही शतके आपल्या बिरुदांत मिरवीत होते. त्यांतील कित्येकांची सत्ता या गावांवर कधी नव्हतीच. मग ही नावे त्यांनी का जपली? या थ्रेडचा विषय हाच आहे.

४/
आधी जर्मन रीत समजून घेऊ, म्हणजे तुलना सोपी होईल. युरोपात ढालीवरील चिन्हे बाराव्या शतकात रूढ झाली. चिलखतात झाकलेला योद्धा दुरून ओळखता यावा, ही त्यांची पहिली गरज. पुढे ती चिन्हे घराण्यांत वंशपरंपरेने चालू लागली. मग शहरांनीही आपल्या मोहरांवर चिन्हे कोरली, कारण करारावर सही करणाऱ्या नगरसभेला स्वतःची मोहर लागत असे.

५/
या विद्येचे काही पक्के नियम आहेत. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’. लाल, निळा, हिरवा, काळा हे ‘रंग’. रंगावर रंग किंवा धातूवर धातू ठेवायचा नाही, कारण दुरून चिन्ह उठून दिसत नाही. चिन्ह अनेकदा नावावर कोटी करते : बर्लिनच्या ढालीवर अस्वल आहे, म्युनिकच्या ढालीवर भिक्षू. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चित्रापेक्षा शब्दांतील वर्णन प्रमाण मानतात. चित्रकार बदलला तरी चिन्ह तेच राहते.

६/
लहान खेड्यांना मात्र अशी चिन्हे बहुधा विसाव्या शतकातच मिळाली. ओटो हुप (१८५९–१९४९) या चित्रकाराने जर्मन गावाशहरांची शेकडो चिन्हे रेखाटली. एका कॉफी कंपनीने ती छोट्या चित्रांच्या रूपाने वाटली आणि लोकांनी ती अल्बममध्ये चिकटवून जमवली. राजघराण्यांची विद्या अशी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली.

७/
१९६० आणि १९७० च्या दशकांत पश्चिम जर्मनीत गावांचे मोठे विलीनीकरण झाले. सुमारे २४ हजार स्थानिक संस्थांच्या जागी सुमारे साडेआठ हजार उरल्या. हजारो गावांचे स्वतंत्र अस्तित्व कागदावरून पुसले गेले. अनेक नव्या संस्थांच्या ढालींवर मग जुन्या गावांच्या खुणा शेजारी शेजारी बसवण्यात आल्या. गाव नकाशावरून गेले, खुणेत राहिले. हा मुद्दा लक्षात ठेवा; लातूर आणि तेरच्या कथेत तो पुन्हा भेटेल.

८/
आता दख्खन. आठव्या ते तेराव्या शतकांतील शिलालेख आणि ताम्रपट उघडले की राजाच्या नावाआधी बिरुदांची लांबलचक माळ येते. घाईचा वाचक ती अतिशयोक्ती समजून ओलांडतो. पण त्या माळेत एक ठरावीक चौकट दडलेली असते : मूळ नगर कोणते, वाद्य कोणते, कूळ कोणते, लांछन कोणते आणि ध्वज कोणता.

९/
सौंदत्तीच्या रट्ट घराण्याची बिरुदे पाहा. ‘समधिगतपंचमहाशब्द’, ‘महामंडलेश्वर’, ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, ‘त्रिवळीतूर्यनिर्घोषण’, ‘रट्टकुलभूषण’, ‘सिंदूरलांछन’, ‘सुवर्णगरुडध्वज’. जर्मन दफ्तरातील ढालीच्या वर्णनाशी याचे साम्य सहज दिसते. येथेही चित्र नाही, शब्द आहेत. आणि ते शब्द पिढ्यान् पिढ्या त्याच क्रमाने, जवळपास तसेच येतात.

१०/
एकेक पद उलगडू. ‘समधिगतपंचमहाशब्द’ म्हणजे पाच महाशब्दांचा मान लाभलेला. शृंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा ही ती पाच वाद्ये. ती वाजवण्याचा अधिकार वरिष्ठ राजसत्तेकडून मिळे. म्हणजे हे पद ऐकताच जाणत्याला कळत असे, की हा मोठा मांडलिक आहे, सार्वभौम सम्राट नव्हे. ‘महामंडलेश्वर’ हे पद तेच ठळक करते.

११/
‘लांछन’ आणि ‘ध्वज’ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे विशेष. लांछन म्हणजे मुद्रेवरची खूण आणि ध्वज म्हणजे निशाणावरची. गोव्याचे कदंब स्वतःला ‘सिंहलांछन’ म्हणवीत, पण त्यांच्या ध्वजावर वानर होता. नगर मात्र ‘वनवासी’, म्हणजे कर्नाटकातील बनवासी. राज्य गोव्यात, मूळ नगर बनवासी, मुद्रेवर सिंह, ध्वजावर वानर, अशी ती पूर्ण ओळख होती.

१२/
लांछनाचे महत्त्व केवळ शोभेचे नव्हते. ताम्रपटाचे पत्रे एका कडीत ओवून त्या कडीच्या सांध्यावर राजमुद्रा ठोकली जाई. बदामीच्या चालुक्यांच्या मुद्रेवर वराह, राष्ट्रकूटांच्या मुद्रेवर गरुड. गावाची जमीन कोणाला दान दिली, तिच्या सीमा कोणत्या, कर माफ कोणते, हे सारे त्या पत्र्यांवर असे. मुद्रा खोटी ठरली तर दान खोटे, आणि दान खोटे तर शेत गेले. लांछन म्हणजे शेतजमिनीच्या हक्काचा जामीनच.

१३/
ध्वज लढाईत जिंकूनही आणता येत असे. बदामीचा चालुक्य राजा विनयादित्य (६८१–६९६) याच्या काळात उत्तरापथाच्या अधिपतीकडून ‘पालिध्वज’ आणि ढक्का ही राजचिन्हे मिळवल्याचे चालुक्यांचे लेख अभिमानाने सांगतात. पुढे राष्ट्रकूटांनी चालुक्यांची सत्ता घेतली आणि पालिध्वज राष्ट्रकूटांच्या बिरुदांत दिसू लागला. सत्तेबरोबर खूणही हाती आली.

१४/
पालिध्वज म्हणजे एकच निशाण नव्हे, तर ध्वजांची ओळ. अमोघवर्षाचे गुरू मानले गेलेले जैन आचार्य जिनसेन यांच्या आदिपुराणात त्याचे वर्णन येते : माला, वस्त्र, मोर, कमळ, हंस, गरुड, सिंह, बैल, हत्ती आणि चक्र या दहा चिन्हांचे प्रत्येकी १०८ ध्वज, तेही चारही दिशांना. एका दिशेला १,०८०. चारही मिळून ४,३२०. वर्णन काव्यमय आहे, पण चिन्हांची वर्गवारी करण्याची दृष्टी त्यात स्पष्ट दिसते.

१५/
आता मुख्य प्रश्न : ‘लट्टलूर’ म्हणजे कोणते गाव? राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष (कारकीर्द ८१४–८७८) याच्या काळातील, सन ८६६ च्या शिरूर आणि नीलगुंद येथील लेखांत त्याला लट्टलूरपुराचा परमेश्वर म्हटले आहे आणि गरुड हे त्याचे लांछन सांगितले आहे. सम्राटाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. तरीही बिरुदात नाव मात्र लट्टलूरचे.

१६/
पुराभिलेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी सुरुवातीला हे गाव बिलासपूरकडील रत्नपूर असावे असे सुचवले होते. पुढे मराठवाड्यातील लातूरचे नाव पुढे आले आणि तेच मत स्थिरावले. ‘राष्ट्रकूट आणि त्यांचा काळ’ या विषयावरील १९३४ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात अनंत सदाशिव आळतेकर यांनीही लातूरचाच पक्ष घेतला. लट्टलूर–लातूर हा ध्वनिबदल मराठी कानाला सहज पटणारा आहे.

१७/
येथे एक गल्लत टाळायला हवी. ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ याचा अर्थ ‘लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी’. पण याचा अर्थ तो राजा लातुरात राहून राज्य करीत होता, असा नाही. सौंदत्तीचे रट्ट बेळगावच्या परिसरात सत्ता गाजवीत होते. त्यांच्या काळात लातूरचा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांकडे आणि नंतर देवगिरीच्या यादवांकडे होता. बिरुदातील नगर हे ताब्यातील नगर नव्हते. ते कुळाचे उगमस्थान होते.

१८/
रट्ट हे राष्ट्रकूट सम्राट कृष्ण याच्या वंशातील असल्याचे सांगत. सन ९७३ मध्ये तैल चालुक्याने राष्ट्रकूट सत्ता उलथवली. मळखेडचे वैभव गेले. उरली ती लहानशी मांडलिक घराणी. त्यांच्याकडे साम्राज्य नव्हते, पण लट्टलूरचे नाव आणि गरुडाचा ध्वज होता. तेराव्या शतकात यादवांनी रट्टांची सत्ता संपवेपर्यंत त्यांनी ते जपले. गाव दूर, राज्य गेलेले, तरी खूण जिवंत.

१९/
युरोपात याची जुळी उदाहरणे आहेत. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सम्राटांचे नाव आजच्या स्वित्झर्लंडमधील एका छोट्या किल्ल्यावरून आले. तो किल्ला त्यांच्या हातून कधीच गेला, नाव व्हिएन्नाच्या सिंहासनावर राहिले. प्रशियाचे होहेनझोलर्न बर्लिनमधून राज्य करीत. नाव मात्र दक्षिण जर्मनीतील स्वाबियाच्या एका टेकडीवरचे. लट्टलूरचे रट्ट आणि हाब्सबुर्ग यांचे नाते रक्ताचे नाही, रीतीचे आहे.

२०/
आता तेर. पहिल्या शतकातील ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, ‘तगर’ नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख आहे : पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तेथून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. तेरच्या उत्खननांतून आणि परिसरातून मिळालेल्या वस्तूंनी हा व्यापार डोळ्यांसमोर उभा केला. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य थेट इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी आहे.

२१/
तगरचे तेर कसे झाले? प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो, तगर–तयर–तेर. हीच वाट ‘नगर’ या शब्दाने चालली : नगर–नयर–नेर. अंमळनेर, पिंपळनेर यांतला ‘नेर’ तोच. शास्त्र शिकवायला पाटीपुस्तक लागतेच असे नाही. एसटीच्या फलकावरची गावांची नावेही ते शिकवतात. फ्लीट यांनीच तगर म्हणजे तेर ही ओळख पक्की केली.

२२/
कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ किंवा ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवीत. त्यांची तीन घराणी होती : उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर. तिघांपैकी कोणाचीही राजधानी तेरला नव्हती. तरी तिन्ही घराण्यांच्या कुलस्मृतीत तेर होते. ध्वज ‘सुवर्णगरुडध्वज’. कोल्हापूरच्या शाखेने त्यात महालक्ष्मीच्या वरप्रसादाचे बिरुद जोडले. मूळ गाव तेर आणि आजची देवता कोल्हापूरची, अशी दुहेरी ओळख एकाच माळेत ओवली गेली.

२३/
शिलाहार आपला वंश जीमूतवाहनापासून सांगत. कथा अशी : गरुडाला रोज एक नाग भक्ष्य म्हणून द्यावा लागे. शंखचूड नागाची पाळी आली, तेव्हा जीमूतवाहनाने त्याच्या जागी स्वतःचा देह शिळेवर ठेवला. शिळा आणि आहार यांवरून ‘शिलाहार’ हे नाव जोडले गेले. व्युत्पत्ती लोककथेच्या घडणीची आहे. पण ध्वजावरील गरुड आणि कुळाची कथा एकमेकांना घट्ट धरून आहेत. जर्मन ढालीवरील नावाची कोटी आठवा; हा तिचाच दख्खनी अवतार.

२४/
खारेपाटणच्या ताम्रपटात (शके ९३०, म्हणजे सन १००८) दक्षिण कोकणचा शिलाहार रट्टराज आपल्या घराण्याची वंशावळ देतो आणि त्याआधी राष्ट्रकूटांचीही देतो. राष्ट्रकूट सत्ता बुडून तोवर पस्तीस वर्षे झाली होती. बुडालेल्या स्वामीची वंशावळ तांब्यावर कोरण्यात व्यवहार काय होता? वारसा सांगण्याची ती भाषा होती. शिलाहारांचे लेख संपादून मराठीतही आणण्याचे मोठे काम वा. वि. मिराशी यांनी केले.

२५/
आतापर्यंत सारे ध्वज राजांचे. मग लोकांचे काय? जर्मन नगराची ढाल नगरसभेची असते, राजाची नव्हे. हा फरक मोठा आहे. दख्खनमध्ये त्याला जवळचे उदाहरण व्यापाऱ्यांचे सापडते. ‘अय्यावळे पाचशे’ हा ऐहोळेच्या नावाने चालणारा व्यापारीसंघ दक्षिणेत सर्वत्र पसरला होता. त्याच्या लेखांत त्याची स्वतःची बिरुदमाला आहे आणि स्वतःचा ‘गुड्डध्वज’, म्हणजे टेकडीचे चिन्ह असलेला ध्वज आहे.

२६/
म्हणजे राजा नसलेल्या, रक्ताच्या नात्याने न बांधलेल्या माणसांच्या संघालाही ध्वज असू शकतो, ही कल्पना येथे अकराव्या-बाराव्या शतकांत रुजलेली होती. गंमत अशी, की त्यांनीही आपल्या नावात एक गावच धरले : ऐहोळे. व्यापारी कोल्हापुरात असो वा मिरजेत, संघ ऐहोळेचा. गाव ही ओळखीची मुळे. माणूस फांदीसारखा कुठेही पसरलेला.

२७/
यादवांनंतर चिन्हांची भाषा बदलली. बहमनी, निजामशाही, मोगल या सत्तांत नगारा, तोग, माही-मरातिब (माशाचे निशाण) हे मान आले. औशाचा भुईकोट या सर्वांच्या हातून गेला. १६३६ मध्ये तो मोगलांनी घेतला. ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीर-औसा परिसरातच सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला शरण आणले. पेशव्यांच्या जरीपटक्याच्या दक्षिणेतील मोठ्या विजयांपैकी हा एक. माही-मरातिब पुढे महादजी शिंद्यांनी बादशहाकडून मिळवले आणि १७९२ मध्ये पुण्यास पेशव्यांसाठी आणले.

२८/
आसफजाही निजामांच्या पिवळ्या झेंड्यावर मधोमध पांढरे वर्तुळ होते. लोक त्याला ‘कुलचा’ म्हणत, म्हणजे भाकरीसारखी गोल रोटी. आख्यायिका सांगते, की औरंगाबादचे सूफी संत निजामुद्दीन यांनी पहिल्या निजामाला पिवळ्या कापडात गुंडाळलेले कुलचे दिले, त्याने सात खाल्ले आणि सात पिढ्यांच्या राज्याचा आशीर्वाद मिळाला. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण या झेंड्याच्या कथेचे मूळही मराठवाड्याच्याच मातीत धरले गेले, हे नजरेआड करू नये.

२९/
१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करण्याचा दरबार भरला. त्यासाठी बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने भारतीय संस्थानिकांसाठी युरोपीय पद्धतीच्या ढाली रेखाटल्या आणि त्या रेशमी निशाणांवर उतरवून राजांना देण्यात आल्या. ज्या भूमीला लांछन आणि ध्वज यांचे स्वतःचे व्याकरण होते, तिला परक्या व्याकरणात लिहिलेली ओळख बहाल करण्यात आली. लट्टलूर आणि तगर ही नावे त्या वेळी ताम्रपटांतच होती.

३०/
आणि मग असा काळ आला, की झेंडा हाच गुन्हा ठरला. हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा चढत असताना निजामी राजवटीत तो फडकवण्यास बंदी होती आणि स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला ही राजवट संपली. औसा, लातूर, तेर यांच्या वाट्याला स्वतः निवडलेला, राजाने न दिलेला ध्वज पहिल्यांदा या लढ्याने आला.

३१/
आज भारतात नगरचिन्हांची नोंद ठेवणारे जर्मनीसारखे दफ्तर नाही. नगरपरिषदा आपापली बोधचिन्हे करतात. वर्णन कुठे प्रमाणित नाही, रंगांचा नियम नाही. तरी जुन्या खुणा परत येतात. कर्नाटकाच्या राजचिन्हात गंडभेरुंड आहे. गोव्याच्या बससेवेचे नाव कदंब आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीय नौदलाच्या नव्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून सुचलेला अष्टकोन आला.

३२/
मराठवाड्याने या बाबतीत आपली शिल्लक अजून मोजलेलीच नाही. ज्या लट्टलूरच्या नावाने एका साम्राज्याने आणि पुढे एका मांडलिक घराण्याने चारशे वर्षे स्वतःची ओळख दिली, त्याच्या नगरचिन्हात सुवर्णगरुड येऊ शकतो. ज्या तगरच्या नावाने ठाण्यापासून कोल्हापूरपर्यंत तीन दरबार बसले, तेथेही तो येऊ शकतो. या दोन गावांना चिन्ह शोधायला जायचे नाही, ते फक्त ताम्रपटांतून परत आणायचे आहे.

३३/
एक सावधगिरी मात्र हवी. अशी खूण अभिमानाची भिंत बनता कामा नये. गरुड केवळ लातूरचा नव्हता. तो राष्ट्रकूट, रट्ट, शिलाहार, यादव या सर्वांचा होता आणि त्यांच्या दरबारांत कन्नड, मराठी, संस्कृत एकत्र नांदत होत्या. त्याच मातीत सूफीचा कुलचाही आहे आणि तेरला संत गोरोबा काकांची समाधीही. खुणांचा इतिहास नीट वाचला, तर तो कुणाची मालकी नव्हे, तर किती जणांनी या गावांना आपले म्हटले, हे सांगतो.

३४/
तेरला गेलात, तर रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहा; दोन हजार वर्षांचे तगर तेथे काचेआड मांडलेले आहे. कुठल्याही संग्रहालयात ताम्रपट दिसला, तर आधी त्याच्या कडीवरील मुद्रा शोधा. वराह दिसला तर चालुक्य, सिंह दिसला तर कदंब असण्याची शक्यता मोठी. गरुड दिसला, तर बिरुदांच्या ओळीत नगराचे नाव कोणते आले आहे ते वाचा. ते लट्टलूर किंवा तगर असले, तर तो धागा औशाच्या शेजारी येऊन पोहोचतो.

(थ्रेड समाप्त)